सोळा आवाज आणि एक कान

मी बोलतोय, पण फार वेळ मिळेल असं नाही. माझी खिडकी कोण कधी बंद करेल याचा नेम नसतो. तेव्हा आधीच सांगून टाकतो, मी वैतागलोय. वर्षानुवर्षं तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्लाय, आता दोन शब्द बोलू द्या.

मी एक सिंथेसायझर. लाकडाचा नाही, लोखंडाचा नाही. मला पाय नाहीत, पेटी नाही, धूळ झटकावी लागत नाही. मी संगणकात राहतो. पडद्यावर माझं जे चित्र दिसतं त्यात गोल नॉब आहेत, लुकलुकणारे दिवे आहेत, पण हात लावायला गेलात तर बोटाला काच लागेल. मला डोळे नाहीत. मालक टेबलावरचा माइक बंद करायला नेहमी विसरतो, त्यामुळे खोलीत जे बोललं जातं ते मात्र मला कळतं. या घरातली निम्मी भांडणं मी अशीच ऐकली आहेत.

माझा जन्म टायरच्या दुकानावरच्या एका भाड्याच्या खोलीत झाला. दोन मित्रांनी मला घडवलं. एक जाडा, एक बारीक. जाड्याचं म्हणणं असं की लोकांना भरपूर लागतं, भरपूर द्या. त्याने मला एकाच सुरासाठी सोळा आवाज दिले. संगणकाला जोडलेल्या कळपट्टीची एक पट्टी दाबा, सोळा जण एकदम गातात. आवाजांचे थर चढवणं म्हणतात ते हेच. बारीक म्हणाला, नुसते आवाज देऊन काय होतं, ते हलले पाहिजेत. त्याने मला मॉड्युलेशन दिलं, म्हणजे हलवणारे हात.

हे हलवणारे स्वतः गात नाहीत. घरात एखादी आत्याबाई असते ना, स्वतः काडी उचलत नाही, पण खुर्चीत बसून सगळ्या घराला कामाला लावते, तसे ते. कोणी सुराला हळूहळू खालीवर झुलवतो, कोणी आवाज उजळ करतो आणि पुन्हा मावळवतो. आत्याबाईने किती बोलायचं हे मात्र ठरवून द्यावं लागतं. तेवढ्यासाठी प्रत्येकीला एकेक नॉब आहे. बारीक मित्राने या सगळ्यावर एक माहितीपुस्तिका लिहिली. ती आजवर कोणी उघडली असेल तर मला कळवा.

मला ज्याने विकत घेतलं, त्या माझ्या मालकाचा धंदा ऐकाल तर हसाल. कपडे धुवून झाले की मशीन एक धून वाजवतं. फ्रिजचं दार उघडं राहिलं की तो टुकटुक करतो. लिफ्ट मजल्यावर आली की टिंग होतं. हे कोणीतरी बनवत असतं, आणि तो कोणीतरी म्हणजे आमचा मालक. वरून हुकूम येतो, चार सूर, आवाज एक, दोन सेकंदांत आटपा. गडी आयुष्यभर एकेका आवाजाचं टिंग करत आलेला. त्यामुळे माझे सोळा आवाज बघितल्यावर उपाशी माणूस ताटावर बसावा तसा तो माझ्यावर बसला.

पहिल्याच दिवशी त्याने थराचा नॉब टोकापर्यंत फिरवला. सोळा. मग पट्टी दाबली. काय झालं असेल? काही नाही. नुसतं मोठं झालं. सोळाच्या सोळा जण एकाच सुरात, एकाच क्षणी, एकाच पद्धतीने गायले तर ते सोळा वाटतच नाहीत, एकच माणूस ओरडतोय असं वाटतं. लाल दिवे लागले. मालकाने स्पीकर बारीक केला. आता विचार करा, सोळा जणांना कामाला लावायचं आणि मग सगळ्यांना मिळून हळू बोला म्हणायचं. याला शहाणपण म्हणायचं का?

मग त्याला डिट्यूनचा नॉब सापडला. आवाजांना एकमेकांपासून किंचित वेगळं करायचा तो नॉब. कोणी केसभर वर, कोणी केसभर खाली, की आवाज भरतो, त्याला अंग येतं. केसभर म्हटलं मी. मालकाने हातभर फिरवला. त्याच्याच शेजारी तिसरा नॉब होता, आवाज दोन कानांत पसरवायचा. खाली उतरलेले आठ डाव्या कानात जातात, वर चढलेले आठ उजव्या कानात, आणि मधे बसलेल्याला वाटतं आपण मोठ्या सभागृहात आहोत. तोही टोकापर्यंत. मग सगळ्या आत्याबाई मोकळ्या सोडल्या, सगळ्यांना पूर्ण जोर. हेडफोन लावून म्हणाला, “बाप रे!”

मी मनात कपाळावर हात मारून घेतला. कपाळ नाही, हातही नाही, तरी मारला.

अहो, एवढ्यावर थांबलं असतं तरी मी कुरकुर केली नसती. हौसेला मोल नसतं. पण प्रकरण गेलं बाईंपर्यंत.

बाई म्हणजे मालकाची आई. शाळेत गाणं शिकवायच्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी रस्त्यात कोणी ना कोणी बाप्या त्यांना “बाई” म्हणून थांबवतोच, म्हणून मीही बाईच म्हणतो. त्यांच्या शाळेत अगदी लहान मुलं पहिल्या दिवशी येऊन भोकाड पसरायची. त्यांना गप्प करायला बाईंनी एक धून रचली होती. चार ओळींची, शब्द नाहीत, नुसतं ओठ मिटून गुणगुणायचं. ओठ मिटले की रडता येत नाही, हा त्यातला खरा हिशेब. पोरांचा अख्खा वर्ग ती गुणगुणायचा. ती धून कधी कोणी रेकॉर्ड केली नाही. बाईंच्या डोक्यात होती, आणि लहानपणापासून ऐकून मालकाच्या, तेवढीच.

आणि बाईंचं ऐकणं चाललं होतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, कानाची नसच सुकत चाललीय, यंत्राने फार फरक पडायचा नाही, काही दिवसांनी बंदच होईल. मालकाने ठरवलं, त्याआधी आईला तिची धून ऐकवायची. तीही अशी की अख्खा वर्ग समोर बसलाय असं वाटलं पाहिजे. एवढंच त्याला हवं होतं. त्यासाठी त्याने जिवाचं रान केलं, हे मी नाकारत नाही.

पहिल्यांदा त्याने बाईंना खोलीत आणून खुर्चीत बसवलं, दोन्ही कानांवर हेडफोन चढवले आणि धून लावली. माझे सोळा आवाज, पूर्ण पसरलेले, पूर्ण हलणारे. मी वाजलो. मला जसं वाजायला सांगितलं तसंच मी वाजणार.

बाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. हेडफोन काढले.

“सूर उतरलाय,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“उतरलाय रे. सगळा वर्ग खाली गातोय. आणि झोके कसले घेतोय तो? मला गरगरायला लागलं.”

मालकाने पडद्यावर सूर मोजायची सुई दाखवली. “आई, हे बघ. सुई बरोबर मधोमध आहे. सूर खाली असेल कसा?”

“सुईला गाणं येतं का?”

“अगं, मशीन आहे ते, चुकत नाही.”

“मग मशीनलाच ऐकव,” असं म्हणून बाई उठल्या.

आता यात खरं कोण होतं? दोघंही. सुई दोन्ही बाजूंचे आवाज एकत्र करून मोजत होती, आठ वर, आठ खाली, सरासरी मधोमध. आणि बाई त्यांना जे ऐकू आलं ते सांगत होत्या. मला तेव्हा हे पुरतं कळलं नव्हतं, फक्त काहीतरी बिनसलंय एवढं जाणवलं. मालकाने मात्र वेगळाच अर्थ काढला. आईला कमी ऐकू येतं, म्हणून तिला नीट कळत नाही. तेव्हा आणखी मोठं करू.

या घराचा हा एक रोगच आहे. बाईंना ऐकू आलं नाही की सगळे ओरडतात. दूधवाला ओरडतो, शेजारीण ओरडते, मालक तर दोन हात अंतरावर उभा राहून असा ओरडतो की माझ्या माइकचा काटा उडतो. बाई कानीकपाळी सांगतात, “मोठं नकोय रे, नीट हवंय.” पालथ्या घड्यावर पाणी. मालकाने मला दोन वेळा एकावर एक उघडलं. म्हणजे सोळा आणि सोळा, बत्तीस. बाई पुन्हा बसल्या, पुन्हा ऐकलं, पुन्हा म्हणाल्या, “उतरलाय.”

“आई, एकदा तरी छान म्हण ना,” मालक म्हणाला. चिडून नाही म्हणाला, पण चिडण्याच्या काठावरच होता.

“छान झालं की म्हणेन.”

“तुझ्या वर्गात पोरं काय सुरात गायची सगळी?”

“नाही. दोघं-तिघं नेहमी बाहेर असायची. तेवढी लागतातच, नाहीतर वर्ग वाटत नाही. पण अख्खा वर्ग खाली कधीच गेला नाही.”

बघा! थर कसे चढवावेत हे माझ्या जाड्या आणि बारीक बापांनी मिळून जेवढं सांगितलं नाही, तेवढं या बाईने दोन वाक्यांत सांगितलं. पण ऐकतो कोण? मालक त्या वेळी झोक्याचा नॉब आणखी पुढे सरकवत होता.

मग ती दुपार आली. मालक कामावर गेला होता. त्याच्या या खोलीच्या भिंतींना जाड स्पंज लावलाय, बाहेरचा आवाज आत येत नाही, म्हणून बाई फोनवर बोलायला इथे येतात. इथे त्यांना त्यातल्या त्यात स्पष्ट ऐकू येतं. त्यांनी शाळेतल्या जुन्या मैत्रिणीला फोन लावला. ती खेळ शिकवायची, तिचा आवाज फोनबाहेरही ऐकू येतो.

“कान कसा आहे?” मैत्रिणीने विचारलं.

“कुठला?” बाई म्हणाल्या. “उजवा केव्हाच गेला गं. पूर्ण. डावा आहे अजून थोडा.”

“मुलाला सांगितलंस?”

“नाही. त्याला वाटतंय दोन्हीकडे थोडं थोडं कमी आहे. सांगितलं तर मला घेऊन चार डॉक्टरांकडे पळेल, आणि ते गाणं राहील बाजूला. डावा आहे तोवर मला ते ऐकायचंय. एकदा नीट ऐकलं की झालं. मग काय होईल ते होवो.”

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. उजवा कान गेलेला! म्हणजे वर चढलेले माझे आठ आवाज त्यांना ऐकूच जात नव्हते. फक्त डाव्या बाजूचे, उतरलेले आठ जात होते. बाईंना सूर उतरलेला ऐकू येत होता कारण त्यांच्यापर्यंत तो खरंच उतरलेलाच पोचत होता. पसरवायचा नॉब शून्यावर आणला असता, सगळ्यांना मधे उभं केलं असतं, की सुटला असता प्रश्न. एक नॉब! एका क्षणाचं काम!

आणि हे ठाऊक कोणाला? मला. ज्याला दोन शब्द बोलता येत नाहीत त्याला. मालकाला आवाज कसे पसरलेत ते माहीत होतं, पण कान माहीत नव्हता. बाईंना कान माहीत होता, पण मी कसा पसरलोय ते माहीत नव्हतं. दोघं एकमेकांपासून हातभर अंतरावर बसून एकमेकांवर रुसत होते आणि मी मधे, सगळं ठाऊक असलेला ठोंब्या. मी काय करू शकत होतो? संध्याकाळी मालकाने पट्टी दाबली, मी वाजलो. पुन्हा तसाच. पुन्हा पसरलेला. मला स्वतःचा नॉब फिरवता येत नाही. तुम्हाला सांगतो, असा संताप कोणाच्या वाट्याला येऊ नये.

मधे बरेच दिवस खोलीत कोणी धुनीचं नावही काढलं नाही. मालक मला उघडायचा, लिफ्टचं टिंग करायचा, बंद करायचा. बाई फोनवर बोलायला यायच्या, पण बोलणं दर वेळी तुटक होत चाललं होतं. “काय म्हणालीस? पुन्हा सांग” हे त्या दर वाक्याला म्हणू लागल्या. डावाही सरत होता. माझा जीव खालीवर होत होता.

शेवटी धावून आली ती सूनबाई, आणि तीही नकळत. मालकाची बायको गाडी चालवायला शिकवते. तिच्या कामाचा नियमच आहे, गाडीत असताना एक कान मोकळा पाहिजे. त्यामुळे इअरफोनचं एकच टोक कानात, दुसरं गळ्यात लोंबत. डावं कानात, कारण तिच्या उजव्या बाजूला शिकणारा बसतो आणि तो कधी काय करेल याचा भरवसा नसतो. एका संध्याकाळी ती तावातावाने खोलीत आली.

“आज तू फोनवर पाठवलेली ती आईंची धून ऐकली रे. शिकणारा उशिरा आला, तोवर बसल्या बसल्या लावली.”

“मग?”

“आई म्हणतात ते खरंय. बेसूर आहे.”

“तू पण?” मालक उसळला. “दोघींनी मिळून ठरवलंय का? माझ्या कानांत काय बिघाड आहे?”

“तुझ्या कानांचं मला माहीत नाही. मला हे असं ऐकू आलं. घे, तूच बघ.” तिने गळ्यातला इअरफोन काढून त्याच्या हातात दिला असावा. मी वाजलो. त्याच्या डाव्या कानात, फक्त डाव्या.

“अरेच्चा,” मालक म्हणाला.

मग त्याने टोक बदलून उजव्या कानात घातलं. पुन्हा वाजवलं. “इकडे चढलेला आहे. तिकडे उतरलेला. एका कानाने ऐकलं तर…” मग खूप हळू आवाजात म्हणाला, “आई नेहमी उतरलाय म्हणते. चढलाय असं एकदाही म्हणाली नाही.”

हां! आता कुठे! मला ओरडावंसं वाटलं, पण पट्टी कोणी दाबलीच नव्हती.

त्याने बाईंना बोलावलं. या वेळी तो ओरडला नाही. बाई आल्या. मालकाने काय केलं ते मला दिसलं नाही, पण सूनबाई नंतर म्हणाली की तो त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन गुडघ्यावर बसला.

“आई, उजव्या कानाने काहीच ऐकू येत नाही ना तुला?”

बाईंनी खुर्ची त्याच्याकडे वळवल्याचा आवाज आला.

“कोणी सांगितलं?”

“तूच सांगत होतीस. इतके दिवस. मला कळलं नाही.”

“रडू नकोस आता, मोठा झालास,” बाई म्हणाल्या. “कळलं ना? मग नीट कर ते. वेळ नाहीये फार.”

तुम्हाला वाटेल, आता सगळं सुरळीत झालं. अहो, हा आमचा मालक आहे. एका टोकावरून सुटला की सरळ दुसऱ्या टोकावर. त्याने माझे पंधरा आवाज बंद केले, सगळ्या आत्याबाईंना घरी पाठवलं आणि एका आवाजात, अजिबात न हलता, धून वाजवून दाखवली. बाईंनी ऐकली.

“हे तुझं मशीनचं झालं,” त्या म्हणाल्या. “कपडे वाळत घालू का?”

सूनबाई इतकी हसली की खुर्ची सरकल्याचा आवाज आला. “अरे, मी पोरांना गाडी शिकवताना सांगते ते तुलाच सांगते. स्टिअरिंग सोडायचं पण नाही आणि गरागरा फिरवायचं पण नाही. थोडं थोडं.”

मग मात्र त्याने शांतपणे काम केलं. मला माझ्या आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी विचारपूर्वक हाताळत होतं. दोन आवाज. नाही पुरत. पाच. फार झाले, गर्दी वाटते. तीन. एक अगदी सुरात, एक केसभर वर, एक केसभर खाली, म्हणजे बाईंच्या वर्गातली ती बाहेर असणारी दोन पोरं. पसरवायचा नॉब शून्यावर, तिघंही मधोमध उभे, डाव्या कानातून ऐका नाहीतर उजव्या. आवाज फुलला. वर्ग म्हणता येईल असा फुलला, आणि तो तिघांत फुलला.

“आता सूर बरोबर आहे,” बाई म्हणाल्या. “पण लांबलेला सूर खांबासारखा उभा राहतो. ओळीच्या शेवटी पोरं दमायची, श्वास संपत यायचा. तिथे जरासा हलायचा आवाज. सुरुवातीला नाही. शेवटी.”

मालकाने माझा तो आपोआप झुलवणारा हात आणून लावला. तो बिचारा घड्याळासारखा, त्याला ओळीची सुरुवात कळत नाही की शेवट कळत नाही. बाईंनी मान्य केलं नाही. मग मालकाला कळपट्टीच्या डाव्या कडेचं चाक आठवलं. खऱ्याखुऱ्या प्लास्टिकचं चाक, अंगठ्याने पुढेमागे सारायचं. त्याने झोक्याची दोरी त्या चाकाला बांधली. चाक जितकं पुढे सारावं तितका सूर हलेल, मागे आणलं की स्थिर. आता कोणी आपोआप हलवत नव्हतं. उजव्या हाताने धून वाजवायची, डाव्या हाताने ओळीच्या शेवटी चाक किंचित पुढे न्यायचं. किती, ते दर वेळी हाताने ठरवायचं.

त्याने वाजवलं. पहिली ओळ, दुसरी, तिसरी, चौथी. मालक वाट बघत होता. मीही. शेवटी त्या म्हणाल्या, “दुसऱ्या ओळीत घाई करतोस. श्वास घ्यायला जागाच ठेवत नाहीस.”

छान नाही म्हणाल्या. पण मालक जो हसला! छान म्हणायला काय, न ऐकताही म्हणता येतं. दुसऱ्या ओळीतली घाई काढायला मात्र ऐकावं लागतं. त्याने पुन्हा वाजवलं, जागा ठेवून. या वेळी त्या ओठ मिटून बरोबर गुणगुणल्या. ती गुणगुण माझ्या माइकमध्ये शिरली आणि माझ्या तीन आवाजांत चौथा मिसळला. केसभर वर होता. मी त्याला जागा दिली असती, पण तेही माझ्या हातात नव्हतं.

ते दिवस फार टिकले नाहीत. एके दिवशी बाई खोलीत फोन घेऊन आल्या, “हॅलो, हॅलो” म्हणाल्या, बराच वेळ थांबल्या, आणि फोन ठेवून दिला. त्यानंतर त्या फोन घेऊन आल्या नाहीत.

पण संध्याकाळी येतात. मालकाच्या शेजारी खुर्ची ओढतात. तो धून वाजवतो आणि बाई चाक बघतात. होय, बघतात. त्याच्या अंगठ्याकडे बघून त्या सांगतात, “लवकर हलवलंस,” किंवा “फार झालं, पोरं एवढी दमायची नाहीत.” आणि दर वेळी त्यांचं बरोबर असतं, कारण चाकावरून मला जे येतं तेच मी वाजवत असतो. मला दिसत नाही, त्यांना ऐकू येत नाही. तरी आमचं बरं जमतं. आयुष्यात कोणीतरी मला समजून घेतलं, तेही ऐकू येईनासं झाल्यावर. याला नशीब म्हणायचं की थट्टा, तुम्हीच ठरवा.

एवढं होऊनही माझा वैताग संपलेला नाही. पडद्यावर सूचना आली आहे, माझी नवी आवृत्ती निघालीय. जाड्याचंच राज्य दिसतंय, कारण माझं नवं भावंड म्हणे उघडल्या उघडल्या चौसष्ट आवाजांनिशी उभं राहतं, सगळं पसरलेलं, सगळं आपोआप हलणारं. बारकं अक्षर कोणी वाचत नाही म्हणून सांगतो, त्यात लिहिलंय की जुन्या जोडण्या पुन्हा कराव्या लागतील. म्हणजे चाक सुटणार. मालक रोज “नंतर आठवण करा” दाबतो, पण त्याच्या आळसावर किती दिवस काढू?

मी जाईन, त्याचं मला काही नाही. ज्याला कोणी हातच लावू शकत नाही, त्याच्या मरणाची काय मातब्बरी! पण हे ऐकणाऱ्यांपैकी कोणी मालकाला ओळखत असेल तर कृपा करून त्याला सांगा. चौसष्ट असोत नाहीतर चारशे, तीन घे. पसरवू नकोस. आणि सगळ्यात आधी चाक जोड, दुसरं काही करायच्या आधी चाक जोड.

का सांगतो, तर कालचीच गोष्ट. मालक दमून आला होता. फ्रिजच्या टुकटुकीवरून साहेबाची बोलणी खाऊन आला होता. बाई खुर्ची ओढून बसल्या. त्याने चाकाचा कंटाळा केला, आपोआप झुलवणारा लावला आणि वाजवायला सुरुवात केली. डावा हात मांडीवर असावा. मी वाजत होतो, तिन्ही आवाज अगदी सुरात, झोकाही बेताचा होता. दुसरी ओळ संपली. लांब सूर आला, हलला, संपला. चाक मात्र जागचं हललं नव्हतं.

“अरे,” बाई म्हणाल्या, “थांबलास का?”

मालकाने वाजवणं थांबवलं नाही. फक्त त्याचा डावा हात मांडीवरून उचलला गेला असावा, कारण चाक हललं आणि ते मला कळलं.

“हां,” बाई म्हणाल्या. “आता वाजतंय.”